हा प्रश्न इथला नाही, हे कधी सांगायचं आणि कसं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ कळेल. तीन वर्षांपूर्वी तुम्ही पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्यांसाठी टेलिग्रामवर एक मराठी गट काढलात. ओळखीच्या ४० जणांपासून सुरुवात झाली, आज १४०० सदस्य आहेत. आता तिथे पायथनपेक्षा ‘५० हजारांत कुठला लॅपटॉप घेऊ’, ‘वायफाय सारखं तुटतंय’, ‘पेन ड्राइव्ह फॉरमॅट झाला, फोटो परत मिळतील का’ हेच जास्त चालतं. तुम्ही असे मेसेज काढायला लागलात तर लोक म्हणाले, ‘मदतच मागितली ना, शिवी तर नाही दिली.’ मग तुम्ही काढायचं थांबवलंत. आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की सगळ्यात चांगली उत्तरं देणारे दोघं मधल्या काळात काही न बोलता गट सोडून गेले. नियम कडक करू की आहे तसं चालू देऊ, आणि नियम लिहायचेच तर किती, असं तुम्ही विचारलंय.

मी पोटापाण्यासाठी लिनक्स सर्व्हर सांभाळते आणि गेली १२ वर्षं आर्डुइनो, रास्पबेरी पाय असल्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांवर उद्योग करणाऱ्यांचा एक मदत गट चालवते. आधी तो मेलवर होता, आता टेलिग्रामवर आहे. त्यामुळे हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे. माझ्या मते कडक की सैल हे नंतर बघता येईल. खरी गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत लिहून बसलात. मदत गटाची सदस्यसंख्या कितीही असो, तो चालतो उत्तरं देणाऱ्या दहा-पंधरा जणांवर. त्यातले दोन गेले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

सुप्रभातचे फोटो, ‘दहा जणांना पाठवा’ वगैरे मी यात धरतच नाही. दिसला की काढायचा, त्यावर कुणी भांडत नाही. घोळ घालतात ते शेजारपाजारचे प्रश्न, ज्यात संगणक असतो, अडचण खरी असते आणि विचारणारा काकुळतीला आलेला असतो. अशा माणसाला ‘हे इथे नको’ म्हणणं जिवावर येतं. मलाही येतं.

विषय धरून राहा असं सांगताना आपण बहुतेकदा शिस्तीचं कारण देतो. गर्दी होते, जुनं शोधलं तर सापडत नाही, फोन दिवसभर वाजत राहतो. कारणं खोटी नाहीत, पण ज्याचं अडलंय त्याला आपल्या गर्दीशी काय देणंघेणं? मला जे कारण पटलं ते वेगळं आहे, आणि ते कळायला मला यूजनेटवर, म्हणजे वेबच्याही आधीपासूनच्या लेखी चर्चागटांच्या जाळ्यावर, बरेच दिवस नुसतं वाचत बसावं लागलं.

गोष्ट २००१ ची. मी सांगलीत इंजिनीअरिंगला होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत गूगलने डेजा या कंपनीकडचा यूजनेटचा जुना साठा विकत घेतला आणि सायबर कॅफेतल्या ब्राउझरमधूनही ते गट वाचता यायला लागले. सी भाषेचा तिथला मोठा गट म्हणजे कॉम्प.लँग.सी. त्यावर आपल्याकडच्या पोरांचे प्रश्न हमखास दिसायचे, कारण आपल्या कॉलेजांत सी म्हणजे टर्बो सी हा कंपायलर (प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत बदलून देणारं सॉफ्टवेअर), तो निळा पडदा, आणि प्रत्येक प्रोग्रॅमच्या सुरुवातीला पडदा पुसणारं फंक्शन नि शेवटी कळ दाबेपर्यंत थांबवणारं गेट-सी-एच. पोरगं विचारायचं, ‘पडदा पुसणारं फंक्शन दुसऱ्या कंपायलरवर चालत नाही, काय करू?’ उत्तर यायचं की हे सी भाषेत नाहीच, तुमच्या कंपायलरने पदरचं दिलेलं आहे, डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांच्या गटात विचारा. वाचून माझं डोकं तडकायचं. अरे, येतंय ना तुम्हाला? मग एका ओळीत सांगून टाका की!

पुढे तिथल्या जुन्या मंडळींचा युक्तिवाद वाचनात आला आणि माझा राग निवळला. त्यांचं म्हणणं साधारण असं: इथे वाचणारे सगळे सी भाषेचं मानक, म्हणजे तिचे अधिकृत नियम, कोळून प्यालेले आहेत. मी सी बद्दल चुकीचं लिहिलं तर तासाभरात चार जण माझा कान पकडतील. पण डॉसबद्दल चुकीचं लिहिलं तर इथे कुणाच्या लक्षातही येणार नाही. आणि विचारणारा मात्र तज्ज्ञांनी सांगितलं म्हणून ते डोळे मिटून घेऊन जाईल.

दरवाजा त्यांनी अगदीच लावून घेतला होता असंही नाही. स्टीव समिट यांनी त्या गटासाठी नेहमीच्या प्रश्नांची जी यादी वर्षानुवर्षं सांभाळली, तिच्यात सिस्टिमवर अवलंबून असणाऱ्या गोष्टींचा वेगळा विभाग आहे आणि पडदा कसा पुसायचा हा प्रश्नही त्यात आहे. म्हणजे दिशा दाखवायची, पण ज्याची जबाबदारी घेता येत नाही ते उत्तर आपलं म्हणून द्यायचं नाही.

याची दुसरी बाजूही तिथेच दिसली. आपल्या परीक्षांत एक लाडका प्रश्न असायचा: एकाच ओळीत ‘आय’ दोनदा वाढवायचा, त्याचीच बेरीज करून परत ‘आय’मध्ये टाकायची, आणि आउटपुट विचारायचं. वर्गात सगळे बोटं मोजत एक आकडा काढायचे आणि टर्बो सी वर तोच यायचा. कॉम्प.लँग.सी वर मात्र लोक सांगायचे की भाषेच्या मानकात या ओळीला अर्थच ठरवून दिलेला नाही. कंपायलर काहीही करायला मोकळा आहे, तेव्हा उत्तर अमुक आकडा असं म्हणणंच चूक. हे आमच्या वर्गात कुणाला कळणं शक्य नव्हतं, कारण आमच्याकडे पडताळायला तो एकच कंपायलर होता. आपल्या हद्दीत तो गट इतका पक्का होता की छापील पुस्तकाला चूक म्हणू शकत होता, आणि हद्दीबाहेर तोंड बंद ठेवायचा. दोन्हींच्या मुळाशी एकच सवय होती.

तेव्हापासून ‘विषयाला धरून’ याचा माझा अर्थ ठरला: ज्या प्रश्नाचं चुकीचं उत्तर या गटात पकडलं जाईल, तो प्रश्न इथला.

आता जवळचं उदाहरण. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा. प्रोजेक्ट होता मातीतला ओलावा मोजायचा. सेन्सर आर्डुइनोला, आर्डुइनो यूएसबीने उबंटूवाल्या (लिनक्सचाच एक प्रकार) लॅपटॉपला, आणि लॅपटॉपवर पायथन. प्रोग्रॅम चालवला की पोर्ट उघडायला परवानगी नाही असा एरर. त्याने तो पायथनच्या एका गटात टाकला. त्याच्या दृष्टीने बरोबरच होतं, एरर पायथनच्या खिडकीत दिसत होता. चार मिनिटांत उत्तर आलं: ‘पोर्टवर चमॉड ७७७ मार.’ म्हणजे त्या पोर्टची परवानगी सगळ्यांना खुली करून टाक. मारला, चाललं. त्यानेही आभार मानले, अकरा जणांनी अंगठे दिले.

तोंडी परीक्षेच्या दिवशी टेबल सरकवताना केबल निघाली. परत खोचली आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर पडद्यावर तोच एरर. कारण लिनक्समध्ये यूएसबी काढून लावली की ती पोर्टची फाइल नव्याने तयार होते, आणि तिच्यावर परवानग्याही पहिल्यासारख्या लागतात. तुम्ही हाताने मारलेला चमॉड जुन्या फाइलसोबत गेलेला असतो.

संध्याकाळी तो आमच्या गटात आला तेव्हा तीन जणांनी जवळजवळ एकदमच लिहिलं: तुझं यूजरनेम ‘डायलआउट’ या, पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या ग्रुपमध्ये घाल, लॉगआउट करून परत लॉगिन कर, पुन्हा हा त्रास होणार नाही. आम्ही काही फार हुशार आहोत अशातला भाग नाही. आमच्यातल्या प्रत्येकाची केबल कधी ना कधी निघालेली आहे. त्या पायथनच्या गटातले अकरा जणही वाईट किंवा अडाणी नव्हते. त्यांच्या टेबलावर केबलच नव्हती, एवढंच. चाललं म्हणतोय म्हणजे बरोबर असणार, म्हणून अंगठा.

दुसऱ्याच्या गटातली चूक सांगितली, आता आमची सांगते, कारण ती जास्त गंभीर होती. एकाने विचारलं, आर्डुइनोला रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) जोडून घरातला २३० व्होल्टचा दिवा चालू-बंद करायचाय, वायरिंग कसं करू? बोर्ड आमचा, रिले आमचा, म्हणून आम्ही प्रश्न आमचाच धरला. एकाने सुबक आकृती काढून दिली. मी स्वतः तिला अंगठा दिला. दोन दिवसांनी गटातल्या एका वायरमनने, जे एरवी कधी बोलत नसत, लिहिलं: ‘मॅडम, यात रिले न्यूट्रलवर लावलाय. तो फेजवर पाहिजे. नाहीतर दिवा बंद दिसेल, पण होल्डरमध्ये करंट असेल. बल्ब बदलायला गेलेल्या माणसाला झटका बसेल.’ आमच्यातल्या एकाही सॉफ्टवेअरवाल्याला ते दिसलं नव्हतं, कारण आकृतीप्रमाणे दिवा व्यवस्थित लागत होता. विचारणाऱ्याला मी त्याच रात्री फोन केला. त्याने अजून जोडलं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्याकडे ५ आणि १२ व्होल्टपर्यंतचं चालतं. २३० आलं की वायरमनला बोलवा, एवढंच उत्तर मिळतं.

हीच कसोटी तुमच्या गटाला लावून बघा. ‘विंडोजवर पायथन टाइप केलं की मायक्रोसॉफ्टचं स्टोअर उघडतं’ हा म्हटला तर विंडोजचा प्रश्न. पण नव्याने शिकणाऱ्या निम्म्याअधिक लोकांनी तो भोगलेला असतो. इन्स्टॉल करताना पाथची ती छोटी चौकट टिक करायची राहिली किंवा स्टोअरवाला शॉर्टकट बंद केला नाही, हे तुमच्याकडे दहा जणांना तोंडपाठ असेल. इथलाच प्रश्न, बिनधास्त घ्या.

उबंटू किंवा डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर पिप, म्हणजे पायथनची पॅकेजेस टाकणारं साधन, चालवलं की ‘हे वातावरण बाहेरून सांभाळलं जातं’ अशा अर्थाचा एरर येतो, तोही इथलाच, आणि महत्त्वाचा. २०२३ च्या डेबियन १२ पासून तो बहुतेकांना भेटतो. सिस्टिमची स्वतःची कामं पायथनवर चालतात, तुम्ही वरून भलतीसलती पॅकेजेस टाकून ती मोडू नयेत म्हणून ही अडवणूक आहे. यावर कुणीतरी झटपट सांगतो की पिपला ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा पर्याय जोड, होऊन जाईल. होतंही. पर्यायाच्या नावातच सिस्टिम मोडेल असं लिहिलंय, तरी लोक वापरतात! तुमच्या गटात असं उत्तर आलं की लगेच कुणीतरी ‘थांब, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट कर’, म्हणजे प्रोजेक्टपुरतं पायथन वेगळं ठेव, म्हणणारं असलं पाहिजे. असं म्हणणारे जे दोन-तीन असतात, बहुधा त्यातलेच ते दोघं असावेत. हा अर्थात माझा अंदाज.

जँगो वापरून पायथनमध्ये बांधलेली साइट सर्व्हरवर चढवताना एनजिनएक्स हे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर अडतंय, हे मात्र तुमच्याकडे कोण आहे त्यावर ठरेल. रोज सर्व्हरवर बसणारे तीन-चार सदस्य असतील तर घ्या, एकच असेल तर घेऊ नका. एकट्याला चुकीचं कोण ठरवणार? वायफाय आणि पेन ड्राइव्ह तर सरळ बाहेरचे. पेन ड्राइव्हच्या बाबतीत चुकीच्या सल्ल्याने उरलेले फोटोही जातात, कारण ‘आधी हे सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर टाकून बघा’ म्हणणारा कुणीतरी भेटतोच.

लॅपटॉपचं प्रकरण निराळं आहे. तिथे चूक-बरोबर पकडायलाच काही नसतं. प्रत्येक जण आपण घेतलेला सुचवतो आणि सहा महिन्यांत ते मॉडेल बाजारातून गेलेलं असतं. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर ‘चांगलं टूल सुचवा, पुस्तक सुचवा’ हे प्रश्न वर्षानुवर्षं बंद केले जायचे ते याच जातीचे म्हणून. तुमच्याकडे मी तेवढी ताठर राहणार नाही. पायथन शिकायला किती रॅम लागते यावर एक नीट उत्तर लिहून ठेवा, वर्षातून एकदा तपासा, आणि विचारणाऱ्याला तेच द्या.

परिस्थितीप्रमाणे बदलणाऱ्या गोष्टी आहेतच. ४० जणांच्या गटात ही कसोटी लावत बसाल तर माणसं हसतील. तिथे सगळे एकमेकांना ओळखतात, कुणाचं कशात डोकं चालतं ते माहीत असतं, आणि चुकीचं सांगणाऱ्याला दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर धरता येतं. साधन कुठलं, यानेही फरक पडतो. जिथे प्रत्येक प्रश्नाचं पान वेगळं असतं तिथे एक बाहेरचा प्रश्न कोपऱ्यात पडून राहतो. टेलिग्राम-व्हॉट्सॲपवर सगळं एकाच नळातून येतं, त्यामुळे वायफायवाल्याच्या वीस मेसेजांखाली कुणाचा तरी खरा पायथनचा प्रश्न गडप होतो आणि तो बिचारा समजतो की आपल्याला कुणी भाव देत नाही. टेलिग्रामने नोव्हेंबर २०२२ मध्ये मोठ्या गटांना आत वेगवेगळे टॉपिक उघडायची सोय दिली. १४०० जणांत ती वापरली नसेल तर आजच करा. यावर फार लिहीत नाही, सेटिंगमध्ये सापडेल.

सांगायचं कसं, यावर मात्र बोलू, कारण तिथेच लोक दुखावतात. मेसेज काढून टाकू नका. काढलेल्या मेसेजमधून विचारणाऱ्याला एकच गोष्ट कळते, की आपण नकोसे आहोत, आणि बाकीच्यांना तर काहीच कळत नाही. नुसतं ‘ऑफ टॉपिक’ असंही लिहू नका. मी साधारण असं लिहिते:

‘दादा, हा प्रश्न राउटरचा दिसतोय. इथे आम्हाला राउटरमधलं फारसं कळत नाही, चुकीचं सांगितलं तर तुमचा वेळ जाईल. इंटरनेट देणाऱ्याच्या हेल्पलाइनला सांगताना एवढं आधी बघून ठेवा: मोबाइलवरही तुटतं का, केबल थेट लावली तर तुटतं का, आणि राउटरवरचा लाल दिवा लागतो का.’

यात ‘आम्हाला कळत नाही’ हे खरं कारण पहिल्यांदा येतं. माणूस ते लगेच मान्य करतो, भांडायला जागाच राहत नाही. शिवाय तो रिकाम्या हाताने जात नाही. पुढच्या दारात काय विचारायचं ते घेऊन जातो. मी त्याला राउटर दुरुस्त करायला शिकवलं नाही, प्रश्न नीट करून दिला. तेवढं आपल्याला येतं.

दुसऱ्या गटात पाठवतानाही हीच काळजी घ्या. स्टॅक ओव्हरफ्लो २००८ मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी त्यांनी सर्व्हरवाल्यांसाठी सर्व्हर फॉल्ट आणि साधा संगणक वापरणाऱ्यांसाठी सुपर यूजर अशा शेजारच्या साइट काढल्या. नाही म्हणायचं असेल तर जायला जागा पाहिजे, हे त्यांना लवकर उमगलं. पण तिथल्या जुन्या लोकांत एक संकेतही आहे, की विस्कळीत, अर्धवट प्रश्न शेजाऱ्याकडे ढकलू नये. आपल्या अंगणातला कचरा कुंपणापलीकडे टाकल्यासारखं होतं ते. आमच्याकडे पायथन गटांतून कधी कधी नुसता ‘याला बघा’ म्हणून एररचा अंधुक फोटो येतो. कुठला बोर्ड, कुठली केबल, काही नाही. त्या गटाच्या ॲडमिनला मी एकदा विचारलं होतं, ‘अहो, निदान बोर्डाचं नाव तरी विचारून पाठवायचं!’

एक चूक मात्र नक्की टाळा: आधी पूर्ण उत्तर द्यायचं आणि मग ‘पण हे इथे विचारायचं नव्हतं’ म्हणून दटावायचं. लोक दटावणी विसरतात, उत्तर मिळालं हे लक्षात ठेवतात. पुढच्या आठवड्यात तो भावालाही घेऊन येतो. ‘पर्सनलवर या, सांगतो’ हेही नको. तिथे तर चूक पकडायला कुणीच नसतं.

आता जरा अप्रिय बोलते. गट विषयावरून सर्वांत जास्त भरकटवतात ते नवखे नसतात. आपण असतो. कुणी मुलगी विचारते, ‘इंडेंटेशन एरर येतोय, चौथ्या ओळीवर.’ दुसरा मेसेज बरोबर उत्तराचा असतो, की ओळींच्या सुरुवातीला टॅब आणि स्पेस मिसळलेत. तिसऱ्या मेसेजला कुणी म्हणतो, टॅब वापरावेतच कशाला. मग कुठला एडिटर चांगला, मग पायचार्म किती रॅम खातं, मग पायथन दोनच्या आठवणी. साठ मेसेज होतात, आणि ती मुलगी मधे दोनदा ‘सर, पण आता नवव्या ओळीवर येतोय’ म्हणून गप्प बसलेली असते. यात एकही शब्द पायथनच्या बाहेरचा नव्हता बरं का. विषय पायथन होता, पण प्रश्न तिचा होता. लॅपटॉपवाल्याला आपण लगेच हटकतो आणि या साठ मेसेजांना माहितीपूर्ण चर्चा म्हणतो, कारण ती आपली माणसं. मीही या साठांतले पाच-सात मेसेज कैक वेळा लिहिले आहेत.

यूजनेटवर यासाठी एक साधी रीत होती. चर्चा फाटा फोडून गेली की विषयाची ओळ बदलायची आणि जुना विषय मागे ‘आधीचा’ म्हणून लिहायचा. ज्याला नवी चर्चा नको तो ती टाळू शकायचा. मराठी संकेतस्थळांवर आपण ‘अवांतर’ असं वर लिहून मग हवं ते बोलतो, तोही त्यातलाच प्रकार, आणि मला तो फार सभ्य वाटतो. आमच्या गटात आता नियम एवढाच आहे की विचारणाऱ्याने ‘झालं’ म्हणेपर्यंत अवांतर कट्ट्यावर. नवख्यांना हा नियम सांगावा लागत नाही. आम्हा जुन्यांनाच सांगावा लागतो.

कट्टा, म्हणजे गप्पांसाठी वेगळा टॉपिक, पहिल्या वेळी आमच्याकडे फसला होता. आम्ही तो काढला आणि सगळा नको असलेला माल तिकडे ढकलायला लागलो. जाणकार कुणी तिकडे फिरकेनात, मग नवखे कशाला जातील? दुसऱ्या वेळी आम्ही दोघं-तिघं जुने रोज संध्याकाळी तिथे बसायला लागलो. गावाकडचा पाऊस, जुने रेडिओ, कुणाच्या मुलाची दहावी. मग लॅपटॉपवालेही आपणहून तिकडे विचारू लागले. पारावर कुणी बसलेलं असेल तरच माणूस पाराकडे वळतो.

नियम किती लिहायचे हेही विचारलंय तुम्ही. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये इंटेलच्या सॅली हॅमब्रिज यांनी इंटरनेटवरच्या शिष्टाचाराचं जे टिपण लिहिलं, त्यात सल्ला आहे की एखाद्या गटात काही लिहिण्याआधी महिना-दोन महिने नुसतं वाचा. मी सी गटावर तसंच केलं होतं, पण ते तेव्हाचं. तुमच्याकडे येणाऱ्याचं सबमिशन उद्या असतं. त्याला पंधरा कलमी नियमावली दिलीत तर तो न वाचता ‘मान्य’ दाबेल. वर चार ओळी पिन करा: इथे कशाची उत्तरं भरवशाने मिळतात, कशाची मिळत नाहीत, ती कुठे मिळतील, आणि विचारताना एररचा पूर्ण मजकूर फोटोऐवजी चिकटवा. बंदीची भाषा वापरूच नका.

आणि अपवाद करायची वेळ आली तर करा, पण डोळे उघडे ठेवून. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हा आमच्या गटात तिकडचे बरेच जण होते. चार दिवस कुणीही बोर्डाचं नाव काढलं नाही. कुणाचे आईवडील पहिल्या मजल्यावर अडकलेत, कुठल्या शाळेत जेवण मिळतंय, होडी कुणाकडे आहे. त्या वेळी ‘विषयाला धरून बोला’ म्हणणाऱ्याला मीच बाहेर काढलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी तीच अडचण समोर आली. मदतीचे म्हणून आलेले नंबर लागेनात. कोयनेतून अमुक क्युसेक पाणी सोडलं असे मेसेज फिरायला लागले, त्यावर ना तारीख ना वेळ. एका मेसेजमुळे एक कुटुंब रात्री घर सोडून निघालं, आणि तो मेसेज आदल्या दिवशीचा होता. आम्ही सॉफ्टवेअरवाले, धरणातलं आम्हाला काय कळणार? मग ठरवलं की स्वतः डोळ्यांनी बघितलेलं किंवा स्वतः फोन लावून खात्री केलेलंच लिहायचं, वेळ टाकून. बाकी सगळं जिल्हा प्रशासनाच्या सूचनांवर सोडायचं. पाणी उतरल्यावर पाचव्या दिवशी एकाने विचारलं, ‘पाण्यात बुडालेला रास्पबेरी पाय वाळवून चालेल का?’ आणि गट परत रुळावर आला. (वाळवून चालला, पण मेमरी कार्ड गेलं.)

तुमच्याकडे लगेच करण्यासारखं एवढंच: टॉपिक उघडा, चार ओळी पिन करा, मेसेज काढण्याऐवजी ‘आम्हाला यातलं कळत नाही’ म्हणायला लागा, आणि जुन्या मंडळींना अवांतराचा नियम आधी लावा. पण या सगळ्याच्या आधी त्या दोघांना फोन करा. मेसेज नको, फोनच. परत या असं पहिल्याच वाक्यात म्हणू नका, ते संकोचाने ‘हो, बघतो’ म्हणतील आणि विषय संपेल. त्यांना विचारा की गट पहिल्यांदा म्यूट केला तो कुठल्या दिवशी, आणि त्या दिवशी गटात काय चाललं होतं. मग टेलिग्राममध्ये त्या तारखेपर्यंत मागे जाऊन तो दिवस स्वतः वाचून काढा. तिथे तुम्हाला लॅपटॉपवाला सापडेल असं तुम्ही धरून चालला आहात. मला वाटतं, तिथे साठ मेसेजांचं टॅब-स्पेसचं भांडण सापडेल, आणि त्यात मधेच कुठेतरी तुमचाही एक मेसेज असेल.